इंदूरला गणित शिकायचं असेल तर

फीचा तक्ता आधी मिटून ठेव. शासकीय कॉलेजात बी.एस्सी.ची फी हा एकूण खर्चातला लहान आकडा. पैसा जातो तो खोलीभाड्यात आणि टिफिनमध्ये. भंवरकुआ, खंडवा रोड या भागात कोचिंगवाल्या पोरांमुळे भाडी चढलेली, आणि होळकर कॉलेज नेमकं त्याच भागात. तू देवासची, पस्तीसेक किलोमीटर. कितीतरी मुली रोज अप-डाउन करतात. पहिलं वर्ष तसं काढ. खोली घ्यायचीच झाली तर कॉलेजातल्या दोघी-तिघी मिळून घ्या. तोवर कोण उजळणीला बसते आणि कोण नुसती फोनवर बोलते तेही कळलेलं असतं.

माझी पहिली पसंती होळकर विज्ञान महाविद्यालय. 1891 सालचं, शिवाजीराव होळकरांच्या काळातलं. आता शासकीय आणि स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या हातात. कॉलेज जुनं म्हणून मी ते सांगत नाही. गणिताला वर्ग भरणारं कॉलेज लागतं म्हणून सांगते. काही ठिकाणी फी कमी आणि हजेरीची सक्ती नाही, हे ऐकून आईबाप खूश होतात. इतिहास घरी वाचून होईल एक वेळ. एप्सिलॉन-डेल्टाची सिद्धता मात्र कुणीतरी तुझ्या वहीत लाल पेनानं खोडल्याशिवाय डोक्यात उतरत नाही. प्रवेशाआधी एकदा सकाळी अकराच्या सुमारास जा आणि गणिताच्या तिसऱ्या वर्षाचा वर्ग भरलाय का ते डोकावून बघ. माहितीपुस्तिका हे कधीच सांगणार नाही.

आता कळीची गोष्ट. ई-प्रवेशच्या पोर्टलवर विषय भरताना मुलं गणित घेतात, सोबत फिजिक्स किंवा कॉम्प्युटर, आणि संख्याशास्त्र सोडून देतात. तू सोडू नकोस. गणिताबरोबर 'सांख्यिकी' मिळतंय का, हे यादीत कॉलेजवार तपास. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा द्यायला पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, नाहीतर त्याच विषयात एम.एस्सी. करावी लागते. एसएससीच्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याच्या जागेला बारावीत गणितात साठ टक्के असले तरी चालतं, पण पदवीला संख्याशास्त्र असेल तर ती अटही आड येत नाही. गुणपत्रिकेवरच्या या एका ओळीला जास्तीची फी जवळजवळ लागत नाही. उलट 'डेटा सायन्स' असं नाव लावून लाखांत फी घेणारे खासगी अभ्यासक्रम बघ. त्यांच्या पहिल्या दोन वर्षांत हेच संख्याशास्त्र असतं, तेही पातळ केलेलं.

पैसे परत येण्याच्या वाटाही आहेत. मुख्यमंत्री मेधावी योजनेत एमपी बोर्डाला सत्तर टक्के किंवा सीबीएसईला पंच्याऐंशी टक्के लागतात, शिवाय उत्पन्नाची मर्यादा आणि मूल निवासी दाखला. तुझ्या मामेबहिणीसारखी खेड्यातल्या शाळेत शिकलेली आणि साठ टक्क्यांवरची मुलगी असेल तर 'गाँव की बेटी' योजनेतून दहा महिने पाचशे-पाचशे रुपये मिळतात. बसचा पास निघतो. आणि बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलीस तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती, वर्षाला 80,000. ती फक्त मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना, त्यात गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही येतात. इंजिनिअरिंगला गेलेल्यांना ती नाही, हे तुझ्या बाबांना मुद्दाम सांग. दोन शिष्यवृत्त्या एकत्र घेता येतात का, ते फॉर्म भरण्याआधी विचार. नंतर वसुली निघाली की डोकं उठतं.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षाही देऊन टाक. महालनोबिसांनी 1931 मध्ये स्थापलेली संस्था. तिथल्या बी.स्टॅट.ला आजवर शिकवणीचं शुल्क नव्हतं, वर दरमहा विद्यावेतन होतं. पेपर अवघड असतो. नाही जमलं तरी त्या तयारीनं पहिल्या वर्षाचं अर्धं गणित सोपं होतं.

आपल्या मराठी लोकांना पुण्याची ओढ असते. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग 1953 पासूनचा, कोल्हापूरच्या डॉ. व. शं. हुजूरबाजारांनी उभा केलेला. त्याचं मोल मी जाणते. पण बी.एस्सी.साठी पुण्यात राहण्याचा खर्च आणि वर मेधावीचा आधार गेलेला, हा सौदा मला पटत नाही. पदवी इथे कर. तिसऱ्या वर्षी एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा दे. गणित आणि गणिती संख्याशास्त्र असे दोन्ही पेपर देता येतात. मग आयआयटीला जा, पुण्याला जा, नाहीतर इथेच देवी अहिल्या विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्टॅटिस्टिक्सला. सिमरोलची आयआयटी तर इंदूरपासून जवळच.

पुस्तकं नवीकोरी घेऊ नकोस. खजुरी बाजारात जुनी मिळतात. गुप्ता-कपूरचं संख्याशास्त्राचं जाडजूड पुस्तक जुन्या आवृत्तीतही तेच शिकवतं, फक्त आतली सोडवलेली उदाहरणं कुणी पेननं गिरवलेली नाहीत ना ते बघून घे. एनपीटीईएलची व्याख्यानं फुकट बघता येतात, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. आर नावाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. त्यासाठी क्लास लावू नकोस.

आणि एक काम याच आठवड्यात कर. समग्र आयडी, आधार आणि दहावीची गुणपत्रिका समोर ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडून बघ. आपल्या मराठी घरांत एका कागदावर मधे वडिलांचं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर आडनाव आधी येतं. पोर्टलला एवढं पुरतं फॉर्म अडकवायला. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि जूनमध्ये एमपी ऑनलाइनच्या दुकानापुढे रांग असते.