मेण जाते, मूर्ती राहते

मुलांनो, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मधमाश्यांचे पोळे तुम्ही पाहिले असेल. त्याच्या मेणापासून पितळेची मूर्ती कशी घडते, ते पाहू या.

गडचिरोलीला लागूनच बस्तरचा प्रदेश आहे. तेथील घडवा कारागीर आधी मातीचा हत्ती किंवा घोडा करतात. तो वाळला की त्यावर मेणाचे दोरे गुंडाळतात. डोळे आणि दागिनेही मेणाचेच! मग सगळ्यावर मातीचा लेप देतात; एक भोक तेवढे ठेवतात. साचा तापला की मेण वितळून जाते. त्या रिकाम्या जागेत वितळलेले पितळ ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. ओतताना चूक झाली, तर सारी मेहनत वाया जाते.

इटलीतील चेलिनी या शिल्पकारानेही मेणाच्या याच युक्तीने 'पर्सियस' या वीराचा कांस्य पुतळा ओतला. ऐन वेळी धातू गोठू लागला. तेव्हा त्याने घरातली कथलाची ताटे भट्टीत टाकली, असे तो आत्मचरित्रात सांगतो. धातू पुन्हा वाहू लागला. १५५४ मध्ये तो पुतळा फ्लॉरेन्समध्ये उभा राहिला.

मेण गेले, ताटे गेली. पुतळा मात्र आजही तेथे उभा आहे.

शब्दार्थ : मेण - मोम, साचा - सांचा, कथील - कलई.

प्रश्न : एका साच्यातून एकच मूर्ती का निघते?