गोठूनही जगणारी तपकिरी शैवाले

कडोली-बेळगावकडून आंबोली घाट उतरून मालवणच्या किनाऱ्यावर गेल्यास ओहोटीच्या वेळी खडकांना चिकटलेली तपकिरी शैवाले दृष्टीस पडतात. सरगॅसम हे त्यांपैकी प्रमुख होय. येथे त्यांना ऊन व वारा सोसावा लागतो. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरील फ्यूकस हे तपकिरी शैवाल मात्र हिवाळ्यातील ओहोटीत उघडे पडून अक्षरशः गोठते.

या दोन्ही आपत्तींचे मूळ एकच आहे. कडाक्याच्या थंडीत प्रथम कोशिकांच्या बाहेरील पाण्याचा बर्फ होतो आणि तो कोशिकांतील पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजेच गोठणे हेही एक प्रकारचे सुकणेच होय. म्हणूनच किनाऱ्यावर अधिक उंचीवर वाढणाऱ्या व अधिक वेळ उघड्या राहणाऱ्या जाती थंडीलाही सामान्यतः अधिक दाद देत नाहीत.

भरती आली की बर्फ वितळतो, कोशिका पाणी शोषून घेतात आणि मंदावलेले प्रकाशसंश्लेषण हळूहळू पूर्ववत होते. कोशिकापटल फाटल्यास मात्र आतील द्रव्ये पाझरून तो भाग मरतो.

तरीही खडकाला धरून असलेला बुडखा शाबूत असेल, तर अनेक जातींना त्यातून नवे फुटवे येतात. सरगॅसमही याच रीतीने पुन्हा वाढते. यास्तव अल्जिनेटसाठी शैवाल गोळा करणाऱ्यांनी ते मुळापासून खरवडू नये; बुडखा राखून वरचा भाग तेवढा कापावा. बुडखा गेल्यास पुढील हंगामही गेला, असे समजावे.