तोफू आणि आजीचं पंचामृत

ओझर, ता. निफाड
मार्गशीर्ष, शके 1947

चि. मुक्तास,


तुझा निरोप पोचला. डॉक्टरांनी दूध आणि पनीर बंद करायला सांगितलं, म्हणून तू तोफू आणायला लागलीस. आता म्हणतेस, खोडरबर चावल्यासारखं लागतं. बाटलीतला गोड-तिखट सॉस वरून ओतला तरी सॉस वरच राहतो, तोफू आत कोरडाच, दोघांची गाठच पडत नाही. बरोबर आहे. गाठ पडावी असं तू काही केलेलंच नाहीस. ती कशी पाडायची ते नीट सांगते. पत्र लांबेल, पण एकदा वाचून ठेवलंस तर पुन्हा विचारावं लागणार नाही.

पहिली गोष्ट, तोफूला पनीर समजणं सोड. दोन्ही पांढरे, दोन्हींचे चौकोनी तुकडे होतात, एवढंच काय ते साम्य. पनीरला दुधाची स्निग्धता आणि स्वतःची अशी गोडसर चव असते, त्यामुळे ते कसंही केलं तरी खपून जातं. तोफू निघतो सोयाबीनपासून. सरकारदरबारी सोयाबीन तेलबियांत मोडतं खरं, पण झाड शेंगेचंच, तूर-मुगाच्या कुळातलं. तेव्हा तोफूला डाळीसारखं वागव. डाळीला आपण काय करतो? मीठ घालतो, चिंच किंवा आमसूल घालतो, गुळाचा खडा टाकतो, वरून खमंग फोडणी देतो. तुला हवी ती गोड-तिखट चव आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. तिच्यासाठी बाटली लागत नाही.

आता क्रम. हा पाठच कर: आधी पाणी काढायचं, मग मीठ द्यायचं, तिखट तेलात घालायचं, त्यावर आंबट, आणि गोड सगळ्यांत शेवटी.

पाणी आणि मीठ ही दोन्ही कामं एकदम होतात. पातेल्यात पाणी उकळून त्यात जरा सढळ हाताने मीठ घाल, गॅस बंद कर आणि तोफूचे तुकडे त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेव. पाणी काढण्यासाठी पाण्यात घालायचं हे ऐकायला उलटं वाटेल, पण गरम खारट पाण्यात तोफू आतलं पाणी सोडतो आणि मीठ आतवर जातं. मग तुकडे स्वच्छ पंच्यावर पसरून कोरडे होऊ दे. घाई करू नकोस. ओला तोफू तेलात टाकलास तर तो परतला जात नाही, नुसता शिजतो, आणि वर अंगावर तेल उडतं ते वेगळंच. कोरड्या तुकड्यांना तांदळाच्या पिठीचा हात लाव. लोखंडी तव्यावर शेंगदाण्याचं तेल चांगलं तापव, तुकडे सुटे सुटे मांड आणि उलथनं खाली ठेवून दे. खालची बाजू बदामी झाली की तुकडा आपणहून सुटतो. त्याआधी खरवडलास तर साल तव्याला आणि लगदा हातात. सगळ्या बाजू अशा झाल्या की ताटलीत काढून ठेव.

आता पंचामृत. देवाच्या तीर्थाचं म्हणत नाही मी; जेवणात डावीकडे वाढतात ते, आजी करायची ते. साधारण 200 ग्रॅम तोफूला लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून तिचा कोळ काढ. दोन चमचे शेंगदाणे भाजून सोलून घे. एक चमचा तीळ आणि एक चमचा किसलेलं सुकं खोबरं वेगवेगळं भाजून त्याचं जाडसर कूट कर. चार हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि चमचाभर चिरलेला गूळ घे. हवा तर गूळ आणखी अर्धा चमचा. तेलात मोहरी तडतडली की चार मेथीदाणे, हिंग, हळद आणि त्यातच मिरच्या. मिरच्यांवर पांढरे फोड येईपर्यंत परत. मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही. तेलात उतरला की तो प्रत्येक तुकड्याला सारखा लागतो. नंतर वरून घातलेली मिरची एका घासाला झोंबते आणि दुसऱ्याला पत्ता नसतो. मग चिंचेचा कोळ, शेंगदाणे, थोडं पाणी, मीठ आणि अर्धा चमचा गोडा मसाला घालून चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत उकळव. कूट घाल. ते दाटायला लागलं की गूळ. गूळ आधी घातलास तर तळाला धरतो, करपतो, कडवट होतो. रस चमच्याच्या पाठीला चिकटून राहिला की परतून ठेवलेला तोफू त्यात टाकून दोन मिनिटं हलक्या हाताने परत आणि उतरव. पिठीचा पापुद्रा हा रस धरून ठेवतो. तुला बाटलीकडून हवं होतं ते हेच.

मिरचीबद्दल एक सावधगिरी. पनीरच्या तिखट भाजीत दुधातलं प्रथिन तिखटाची धार उतरवतं, दही खाल्ल्यावर जीभ शांत होते तसंच. तोफूकडून तेवढी अपेक्षा धरू नकोस. पनीरला घालतेस त्याहून एक मिरची कमी घाल, आणि चव बघितल्याशिवाय गूळ वाढवू नकोस. पंचामृतात गूळ ओळखू यावा, पण पहिल्यांदा नाव चिंचेचं निघावं.

पाकीट महाग पडतं, अशीही तुझी तक्रार आहे. मग घरी कर. आमच्या निफाड-चांदवडकडे खरिपात शिवारच्या शिवार सोयाबीनचं असतं. दिवाळीच्या आगेमागे लासलगावच्या बाजार समितीत त्याच्या गाड्या लागतात आणि बहुतेक माल तेलाच्या कारखान्यांकडे जातो. पिकवणाऱ्याच्या ताटात मात्र ते क्वचितच येतं. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता, म्हणजे किलोला त्रेपन्न. किराणा दुकानात थोडं जास्त पडेल. तरी पाव किलोत साडेतीनशे-चारशे ग्रॅम तोफू निघतो, मग हिशेब तूच कर. फक्त खाण्याचंच सोयाबीन आण. सुट्टीत गावाकडच्या कुणी पेरणीतून उरलेल्या पिशवीतलं दिलं तर घेऊ नकोस. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते कितीही धुतलं तरी पोटात घालायचं नाही.

पाव किलो दाणे धुऊन भरपूर पाण्यात रात्रभर भिजव. सध्या इथे कडाका आहे. निफाडचा पारा थंडीत किती खाली उतरतो ते तू पेपरात वाचतेसच. अशा दिवसांत दहा-बारा तास लागतात. उन्हाळ्यात सहा-सात तास पुरतात, मात्र मधे पाणी बदलायचं. दाणा दोन बोटांत दाबून त्याची दोन दलं वेगळी कर. आतली बाजू सपाट आणि एकसारख्या रंगाची दिसली की भिजला समज. मधोमध खोलगट पिवळा डाग असेल तर अजून वेळ दे. मग सालं चोळून काढ आणि मिक्सरमध्ये उकळतं पाणी घालून वाट, गार पाणी नको. सोयाबीनला जो कच्चट हिरवा वास येतो तो दाणा फुटल्यावर त्यातल्या एका विकराच्या करामतीने तयार होतो, आणि उकळत्या पाण्याने ते विकर निकामी होतं. मिक्सरचं झाकण मात्र घट्ट बसवू नकोस, त्यावर फडकं धरून थोडं थोडं फिरव. वाफेने झाकण उडालं तर हात भाजेल.

एकूण दोन लिटर पाणी जाईल अशा बेताने वाटून, पातळ पंच्यातून गाळून पिळून घे. हे दूध मोठ्या पातेल्यात, अर्ध्याच्या वर जाणार नाही असं तापायला ठेव. गाईम्हशीचं दूध उतू जाण्याआधी वर्दी देतं, हे देत नाही. फेस एकदम वर येतो, त्यामुळे पळी हातातून सोडू नकोस आणि तळ ढवळत राहा. उकळी आल्यावर मंद आचेवर निदान दहा मिनिटं शिजव. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच निकामी होतात. इथे गॅस वाचवायला जाऊ नकोस.

मग गॅस बंद. तीन-चार मिनिटांनी दोन मोठ्या लिंबांचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून तीन हप्त्यांत घाल, दर वेळी एकदाच हलकेच ढवळ आणि झाकून ठेव. पंधरा मिनिटांत पांढरे गोळे आणि पिवळसर निवळ पाणी वेगळं झालेलं दिसेल. पाणी दुधाळच राहिलं तर अजून थोडं लिंबू घाल. मग सगळं पंच्यात ओतून घडी घाल आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं अर्धा तास ठेव. झाला तोफू. गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवलास आणि रोज पाणी बदललंस तर तीन-चार दिवस टिकतो. उरलेला चोथा टाकायचा नाही. तो भाजणीत मिसळून, कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ लाव. निवळीत कणीक भिजव.

पंचामृत जमलं की दुसरा पदार्थ रस्सा. त्यासाठी तोफू एक रात्र बर्फाच्या कप्प्यात ठेव, सकाळी काढ आणि वितळल्यावर तळहातांत दाबून पाणी काढ. आतल्या पाण्याचा बर्फ होताना त्यात बारीक पोकळ्या पडतात आणि तोफू जाळीदार होतो. असा तोफू रस्सा पिऊन घेतो. कांदा-खोबरं काळसर भाजून, लसूण-आलं घालून वाटण कर, आपला नाशिककडचा काळा मसाला घाल, तर्री येऊ दे आणि शेवटच्या दहा मिनिटांत तुकडे सोड. इथे गूळ अगदी नखाएवढा, तिखटाला गोलाई यावी इतकाच. बरोबर भाकरी आणि चिरलेला कांदा.

तिसरा गोड. फिलिपिन्समध्ये सकाळी फेरीवाले ‘ताहो’ विकत हिंडतात: मऊसूत गरम तोफू, त्यावर काकवीच्या रंगाचा साखरेचा पाक आणि साबुदाण्यासारखे मोती. आपल्याकडे गूळ आहे, साबुदाणा आहे, अडलंय कुठे? फक्त लिंबाने घट्ट केलेला तोफू याला चालत नाही. तो आंबूस आणि रवाळ होतो. दुकानातलं मऊ तोफूचं बिनचवीचं पाकीट आण आणि वाफेवर गरम कर. अर्धी वाटी गूळ तेवढ्याच पाण्यात विरघळवून गाळून घे, त्यात आल्याचा कीस, चिमूटभर सुंठ आणि दोन भरडलेले मिरे घालून पाक जरा चिकट होऊ दे. साबुदाणा वेगळा शिजवून धुऊन घे. वाटीत मोठ्या चमच्याने तोफूचे पापुद्रे, वर साबुदाणा, वर पाक. थंडीत घसा शेकून निघतो.

दिवाळीत कुणीतरी म्हणालं ना, “हे काय चिन्यांचं खाणं घेऊन बसलीस”? तोफू चीनकडचा, यात वाद नाही. पण सोयाबीन खाण्याचे प्रयोग आपल्याकडेही जुने आहेत. 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन जेवणात आणून बघितलं होतं आणि त्यावर ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात एफ. एस. काळे यांनी 1936 मध्ये सोयाबीनवर जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, लागवडीपासून पाककृतींपर्यंत. आणि आपल्या ओझरचं म्हणशील, तर 1964 मध्ये इथे मिग विमानांचा कारखाना आला तेव्हापासून देशभरची माणसं वसाहतीत राहायला आली. कुणाच्या मोहरीच्या तेलाचा, कुणाच्या नारळाच्या तेलाचा वास आमच्या जिन्यात नेहमीच असे. परक्या जिन्नसाने घर बाटत नाही, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. मात्र कुणाशी वाद घालू नकोस. पंचामृत वाढ आणि गप्प बस. वाटी रिकामी परत आली की समजून घे.

एवढं मात्र ध्यानात ठेव, सगळा भार तोफूवर टाकू नकोस. घट्ट तोफूत 100 ग्रॅममागे साधारण 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं असतात. ते चांगलंच आहे, पण ब-12 जीवनसत्त्व त्यात नाही, आणि दूध सुटलंय तेव्हा त्याची तपासणी करून घे. मूग, मटकी, हरभरा चालू राहू दे. आठवड्यातून दोन-तीनदा तोफू पुष्कळ झाला. आणि एकटीसाठी काय करायचं म्हणून तव्यावरच उभ्याने खाऊ नकोस. दोन मिनिटं जातात, पण ताट वाढून घे.

क्रम मी सांगितला, तो मोडू नकोस. गुळाचं आणि मिरचीचं माप मात्र तुझ्या जिभेने ठरव. माझं माप हे माझ्या घरचं आहे. तुझ्या घरचं निराळं निघालं तर मला कळव, मीही करून बघेन.

तुझी,
आत्या

ता. क. : वहिनीला तोफू करून घालणार असशील तर एक सांभाळ. तिची थायरॉइडची गोळी आणि सोयाबीन लागोपाठ पोटात जाता कामा नयेत, सोयाबीनमुळे गोळी नीट शोषली जात नाही. मधे काही तासांचं अंतर ठेवायचं. किती, ते तिच्या डॉक्टरांना विचारून घे आणि मगच चूल पेटव.