'बाई, छातीत शिट्टी वाजतेय!' : श्वसनसंस्थेचे शब्द समजून घेऊया



मागे चौथीतला एक मुलगा मैदानावरून आला आणि म्हणाला, "बाई, माझ्या छातीत शिट्टी वाजतेय." मी म्हटलं, "पाणी पी, बस जरा." नंतर कळलं, त्याला दमा होता. त्याने लक्षण अगदी अचूक सांगितलं होतं, मलाच ते कळलं नाही. म्हणून आजचा हा पाठ.

हवेची वाट
नाक, घसा (ग्रसनी), स्वरयंत्र, मग श्वासनलिका. तिचे दोन फाटे म्हणजे श्वसनी, त्यांच्या बारीक फांद्या म्हणजे श्वसनिका आणि टोकाला द्राक्षांच्या घोसासारखे वायुकोश. इथेच ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. फळ्यावर उलटं झाड काढा, मुलांना पटकन समजतं.

आजारांची नावे
चिठ्ठीवर शब्दाच्या शेवटी 'आयटिस' दिसलं की समजा दाह, म्हणजे सूज. लॅरिंजायटिस म्हणजे स्वरयंत्राचा दाह, ब्राँकायटिस म्हणजे श्वसनीदाह. 'प्निया' म्हणजे श्वास : डिस्प्निया म्हणजे धाप लागणे, अ‍ॅप्निया म्हणजे श्वास थांबणे. न्यूमोनियात मात्र हा 'प्निया' नाही हं! तो शब्द फुफ्फुस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. त्यात वायुकोशांत पू किंवा पाणी साठतं.

दम्यात श्वसनिका सुजतात, आकसतात. अरुंद वाटेने हवा जाताना शिट्टीसारखा आवाज येतो. 'पंपाची सवय लागते' असं अनेक पालक म्हणतात. तसं नसतं. इन्हेलरमधलं औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून थोडंसंच पुरतं. दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात असू द्या आणि वर्गशिक्षकांना तसं सांगून ठेवा.

घरी श्वास मोजा
लहान मुलाला खोकला असेल तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 2 महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त भरले, तर लगेच दवाखाना गाठा. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा धापेमुळे मुलाला एक वाक्यही पुरं बोलता येत नसेल, तर मोजत बसू नका, तडक निघा.

उद्या वर्गात एवढंच विचारा : "दम लागला की तुम्हाला नेमकं काय होतं?" मुलं आपल्या शब्दांत सांगतील. ते शब्द आपण नीट ऐकूया.