कर्जाचे पुनर्गठन आणि मूलभूत बचत खाते

पीक बुडाल्यामुळे ज्यांच्या पीककर्जाचे पुनर्गठन झाले आहे, अशा शेतकरी बंधूंना एक अडचण येते. कर्ज व बचत खाते एकाच बँकेत असल्यास, थकलेल्या हप्त्यापोटी बचतीतील रक्कम वळती होण्याचा संभव असतो. पेरणीच्या तोंडावर ‘पी. एम. किसान’चे २,००० रुपये असे गेले, तर बियाणे कशाने आणावयाचे?

यासाठी दुसऱ्या बँकेत मूलभूत बचत खाते उघडणे हितावह होय. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली या खात्याची योजना बँकांस घालून दिली. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. दरमहा निदान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. २०१४ पासूनची जनधन खाती याच जातीची आहेत. अंगावर कर्ज असणे हे खाते नाकारण्यास कारण होत नाही.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. आधार क्रमांक अनुदानासाठी ज्या बँकेशी शेवटी जोडला असेल, तेथेच अनुदान जमा होते. म्हणून नव्या खात्याशी जोडणी लेखी अर्जाने करून घ्यावी.

२. खाते नाकारल्यास प्रथम त्याच बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

३. हे खाते कर्ज चुकविण्यासाठी नव्हे. पुनर्गठनाचा हप्ता मुदतीत भरावा. तो चुकल्यास मिळालेली सवलतच धोक्यात येते.