जहाज आत, अलास्का बाहेर

लेक सिअ‍ॅटलला असल्यामुळे आम्हां दोघांची अलास्काची वाट सोपी झाली. सिअ‍ॅटल किंवा व्हँकूव्हरहून निघायचं, मुख्य किनारा आणि बेटं यांच्या मधल्या ‘इनसाइड पॅसेज’ने उत्तरेकडे जायचं, केचिकन, जुनो, स्कॅगवे अशी बंदरं घेत ग्लेशियर बे गाठायचा आणि परतायचं. ह्यांना पक्ष्यांचं वेड, मला समुद्राचं. ही सफर दोघांच्याही मनाजोगती निघाली, आणि आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. आता ओळखीपाळखीतली जोडपी तिकिटं काढण्याआधी फोन करतात. त्यांना जे सांगते, ते इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

१. आधी कॅनडाचा व्हिसा

अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याखालच्या जहाजाने अमेरिकन बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदराला न लागता, त्यांना पुन्हा अमेरिकन बंदरात उतरवायचं नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी नोंदणीची. त्यामुळे सिअ‍ॅटलहून सुटलेलं जहाज परतीच्या वाटेवर बहुधा काही तासांसाठी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. तुम्ही तिथे पाय खाली ठेवणार नसलात तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसाही एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा हवा. केबिन, जेवण, कपडे, सगळं त्यानंतर.

२. केबिन स्वस्तातली, होडी महागातली

बाल्कनीची खोली सुंदर असते, पण तिच्यातून समुद्राची एकच बाजू दिसते. वरच्या डेकवर पुढच्या टोकाला उभं राहिलं की दोन्ही बाजू आपल्या. म्हणून आम्ही आतली, बिनखिडकीची खोली घेतो आणि वाचलेले पैसे देवमासे बघायच्या लहान होडीवर आणि अस्वलांच्या सहलीवर घालतो. गुडघे दुखत असतील किंवा थंडी सोसत नसेल, तर मात्र बाल्कनी जरूर घ्यावी.

बंदरातली सहल जहाजाकडून घेतली आणि ती उशिरा परतली, तर जहाज थांबतं. स्वतः ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही. स्थानिक माणसाची होडी स्वस्त आणि पुष्कळदा जास्त चांगली असते, पण मग जहाज सुटायच्या आधी दोन तास तरी मोकळे ठेवा. अलास्काची वेळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे आहे, तेव्हा मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून घ्या.

३. पहाट सोडू नका

जहाजाच्या पोटात सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही चालू असतं. नाटकं, बिंगो, दुकानं, कॅसिनो, आणि जेवण तर अखंड. हे सगळं मुंबई-गोवा जहाजावरही मिळतं. बाहेर जे आहे ते फक्त तिथे आहे, आणि ते आपल्यासाठी थांबत नाही. जूनमध्ये जुनोला चारच्या सुमारास सूर्य उगवतो. लोक नाश्ता करून नऊला डेकवर येतात, तोवर निम्मा कार्यक्रम आटोपलेला असतो.

हे पाचला उठून चहाचा कागदी पेला घेऊन कठड्याशी उभे राहतात. मला तेवढं जमत नाही. त्यामुळे आमचा करार आहे: मोठं काही दिसलं तरच मला उठवायचं. ‘मोठं’ म्हणजे देवमासा किंवा अस्वल, समुद्रपक्षी नव्हे. पहाटे डेकवर मोजकीच माणसं असतात, रोज तीच असतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती एकमेकांना हाका मारून दाखवू लागतात. जहाजावरच्या आमच्या सगळ्या ओळखी अशाच झाल्या.

४. घड्याळाचे काटे आणि दोन दुर्बिणी

‘अहो, तिकडे बघा’ या वाक्याचा समुद्रावर काडीचा उपयोग नाही. पाणी सगळीकडे सारखंच असतं. जहाजाचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरायचं आणि ‘दोन वाजता, किनाऱ्याच्या अलीकडे, फवारा’ असं बोलायचं. होडीवाले, वनाधिकारी, सगळे तिथे असंच बोलतात. आम्ही पुढची बाजू वाटून घेतली आहे: नऊ ते बारा ह्यांच्याकडे, बारा ते तीन माझ्याकडे. आधी नुसत्या डोळ्यांनी संथ नजर फिरवायची, हालचाल दिसली की मग दुर्बीण. दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी असावी. त्याहून जास्त ताकदीची हलत्या जहाजावर हातात स्थिर राहत नाही. आणि प्रत्येकाला स्वतःची हवी. एका दुर्बिणीत दोघांनी देवमासा बघणं अशक्य आहे, कारण ती दुसऱ्याच्या हाती जाईपर्यंत त्याने बुडी मारलेली असते.

५. काय शोधायचं ते माहीत असलं की दिसतं

हंपबॅक देवमाशाचा श्वास थंड हवेत माणसाच्या उंचीहून वर जातो आणि मागे काळी झाडं असतील तर फार लांबूनही दिसतो. तो काही श्वास वरवर घेतो, मग पाठीची कमान करतो आणि शेपूट पाण्याबाहेर उचलतो. शेपूट दिसली की समजायचं, खोल गेला. आता पाच-सात मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ, दुसरीकडे बघायला हरकत नाही.

सीगल एका जागी गोळा होऊन घिरट्या घालत असतील तर खाली मासळी आहे, आणि मासळीमागे कोणीतरी येणार. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरचे काळे-तपकिरी ठिपके बघत राहा. अस्वलं दगड उलटून खालचं खातात. ग्लेशियर बेमधल्या ग्लूमी नॉब या उघड्या खडकाळ डोंगरावर पांढरा ठिपका हलला, तर तो बर्फ नसून डोंगरी बकरी आहे. साउथ मार्बल बेटाजवळून जाताना स्टेलर सी लायनांचा गलका आणि उग्र वास दोन्ही डेकपर्यंत पोचतात. बाल्ड ईगल शोधायला तर फार सोपा: स्प्रूसच्या शेंड्यावर कुणी कापसाचा बोळा ठेवल्यासारखं त्याचं डोकं दिसतं. पण चार-पाच वर्षांचा होईपर्यंत त्याचं डोकं तपकिरीच असतं, आणि त्या वयातले पक्षी बहुतेकांच्या नजरेतून निसटतात. ह्यांच्या निसटत नाहीत.

पाठीवर तरंगत पोटावर शिंपले फोडणारा सी ऑटर माझा लाडका. कातड्याच्या व्यापारापायी आग्नेय अलास्कातून तो पार संपला होता. १९६० च्या दशकात सुमारे ४०० प्राणी दुसरीकडून आणून सोडले आणि त्यांच्यापासून आजचे हजारो झाले. हे कळल्यापासून तो दिसला की मला नुसती गंमत वाटत नाही, धीरही येतो.

६. हिमनदी कानांनी शोधू नका

ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी लहान बोटीने येऊन चालत्या जहाजावर चढतात आणि दिवसभर लाउडस्पीकरवरून माहिती देतात. १७९४ साली दर्यावर्दी कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या लोकांना या उपसागराच्या तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली होती. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आला तेव्हा ती चाळीसहून अधिक मैल मागे सरकली होती. आज मार्जरी हिमनदीपर्यंत पोचायला तोंडापासून शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. आपण दिवसभर ज्या पाण्यावरून जातो, तिथे अडीचशे वर्षांपूर्वी बर्फ होता, हे डेकवर उभं असताना सतत लक्षात असावं.

मार्जरीसमोर जहाज तासभर थांबतं आणि जागच्या जागी सावकाश फिरतं. दोन्ही बाजूंना सगळं दिसतं, जागेसाठी धक्काबुक्कीची गरज नाही. आवाज प्रकाशाच्या मागून येतो. बर्फ कोसळल्याचा गडगडाट ऐकून मान वळवली तर फक्त उडालेलं पाणी बघायला मिळतं. त्यापेक्षा जिथून बारीक चुरा गळतो आहे अशी एक निळी भेग निवडा आणि तिच्यावर नजर ठेवून बसा. मोठा कडा बहुधा चुऱ्याच्या मागोमाग सुटतो. आम्ही दोघं दोन भेगा वाटून घेतो.

७. पावसाला नावं ठेवू नका

केचिकनला वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत. केचिकनला तो वर्षभर वाटून पडतो, त्यामुळे कोरडा दिवस मिळेल या आशेवर बेत आखू नयेत. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. आत गरम बनियन, मध्ये लोकर, वरून टोपीचं रेनकोट-जॅकेट.

हा पाऊसच सगळ्याच्या मुळाशी आहे. त्यावर टोंगास हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं राष्ट्रीय वन उभं आहे, त्यातले ओढे भरतात, आणि समुद्रातले सॅल्मन जन्मस्थानी अंडी घालायला त्या ओढ्यांतून वर चढतात. अंडी घालून ते मरतात. अस्वलं त्यांना पकडून झाडीत नेतात, निम्मेअर्धे खाऊन टाकून देतात, आणि माशांतला समुद्राचा नायट्रोजन झाडांच्या मुळांना मिळतो. केचिकनजवळच्या हेरिंग कोव्ह इथे ऑगस्टमध्ये आम्ही एका काळ्या अस्वलाला हे करताना पाहिलं. ती मादी होती. तिने मासा पंजाखाली दाबला, आधी डोकं खाल्लं, मग पोटातली अंडी, आणि उरलेला तसाच टाकून पुन्हा पाण्यात उतरली. ते उरलेलं न्यायला कावळे आधीच येऊन बसले होते. अंगावरून पाणी निथळत होतं, पण निघू या असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही.

८. बोट लागत असेल तर

इनसाइड पॅसेजमध्ये पाणी बहुतेक शांत असतं. जिथे बेटांचा आडोसा संपतो तिथेच जहाज हलतं. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्या, गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, आणि आलेपाक जवळ ठेवा.

९. जहाजावरच्या आपल्या माणसांशी बोला

या जहाजांवर गोव्याची आणि मुंबईची कितीतरी मुलं काम करतात. सासष्टीतला एक वाढपी मी मराठीत बोलल्यावर इतका खुलला की रोज आमच्यासाठी स्वयंपाकघरातून वरण-भात आणू लागला. महिनोन् महिने घरापासून दूर, मुलीची दहावी फोनवरून चाललेली. त्याला अलास्का दिसायचा तो दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. आम्ही सकाळी काय पाहिलं ते तो रोज विचारायचा, आणि मी त्याला सगळं सांगायचे. त्यासाठी मी वहीत नोंदी करू लागले.

१०. लहान होडीत एकदा तरी बसा

बारा मजली जहाजावरून देवमासा दिसतो, पण कळत नाही. जुनोजवळच्या ऑक बेमधून निघणाऱ्या होड्या पाण्यालगत बसवतात. तिथे आम्ही हंपबॅकांची सामुदायिक शिकार पाहिली. आधी सात-आठ शेपट्या एकापाठोपाठ खाली गेल्या. होडीवाल्या मुलीने इंजिन बंद केलं. मग पाण्यावर बुडबुड्यांचं मोठं कडं उमटू लागलं: खालून एक जण हवा सोडत गोल फिरतो आणि हेरिंगचा थवा त्या बुडबुड्यांच्या आत कोंडला जातो. वर सीगल ओरडू लागले. आणि त्या कड्याच्या मधोमध सगळे एकदम तोंडं उघडून वर आले. जबडे पसरलेले, आतला गुलाबी टाळू, वरून लोंबणाऱ्या गाळणीच्या पट्ट्या, उड्या मारून निसटणारे रुपेरी मासे. मग त्यांच्या श्वासाची फवार आमच्यावर आली, कुजक्या मासळीच्या वासाची. हे कॅमेरा खाली ठेवून बघत होते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेपटीच्या खालच्या बाजूची नक्षी प्रत्येक देवमाशाची वेगळी असते. तुमचा फोटो स्पष्ट असेल तर ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर पाठवा. जुळला तर तोच देवमासा आधी कुठे दिसला होता ते कळवतात. आमच्या फोटोतला हवाईला दिसलेला होता. हिवाळ्यात तिथे पिल्लं होतात, पण खायला जवळपास काही नसतं. म्हणून खाण्यासाठी ते एवढा पल्ला पोहून उत्तरेला येतात, आणि म्हणूनच त्यांना खाताना अडवू नये.

११. अंतर राखा, आणि राखायला लावा

अलास्काच्या पाण्यात हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, दूर राहायचं असा नियम आहे. कोणी होडीवाल्याला ‘थोडं पुढे घ्या’ म्हणू लागलं, तर त्याला शांतपणे थांबवा. २००१ साली ग्लेशियर बेमध्ये एका क्रूझ जहाजाची धडक बसून ‘स्नो’ नावाने ओळखली जाणारी गाभण मादी मेली. तिचा सांगाडा उद्यानाच्या बार्टलेट कोव्ह इथल्या ठाण्यावर मांडला आहे. ज्या जहाजातून आपण हे सगळं बघायला जातो, त्याचाच देवमाशांना धोका होतो, हे मला अजून बोचतं. जुनो शहराने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असा करार जहाज कंपन्यांशी केला, तो मला मनापासून पटतो. प्रवासी म्हणून आपल्याला गैरसोय झाली तरी चालेल.

हे अंतर आपल्याकडेही हवं. अरबी समुद्रात हंपबॅकांचा एक छोटा, वेगळा समूह आहे. तो थंड समुद्राकडे जातच नाही. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रहाची खूण लावलेली एक मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, दक्षिणेला उतरली आणि परत ओमानला गेली. म्हणजे आपल्या कोकणासमोरच्या पाण्यातही ते आहेत. डॉल्फिन तर मालवणला नेहमीचेच, आणि त्यांच्यामागे चार-चार होड्या लावलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. आता आम्ही होडीत बसण्याआधीच नाखव्याशी बोलून घेतो: डॉल्फिन दिसले की इंजिन बंद करायचं, पाठलाग करायचा नाही, आणि दिसले नाहीत तरी पैसे पूर्ण मिळतील. बहुतेक जण लगेच कबूल होतात. त्यांचं डिझेलही वाचतं.