निवडक टेस्ट चालवताना

चि. सोनू,


ताईचा फोन आला होता. म्हणाली, कोडची एक ओळ बदलली तरी तू सगळ्या टेस्ट संपेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसतेस. तसं करू नकोस. अशा वाट बघण्याला कंटाळून माणूस टेस्ट चालवणंच सोडून देतो.

तुम्ही पायटेस्ट वापरता. टर्मिनलवर फाइलचं नाव दे, पुढे डबल कोलन आणि टेस्टचं नाव. तेवढी एकच टेस्ट चालते. काम चालू असताना हीच सवय ठेव. मागच्या वेळी फेल झालेल्याच पुन्हा बघायच्या असतील तर ‘--एलएफ’ आहे. मात्र मागे काहीच फेल झालं नसेल तर तो सगळ्याच टेस्ट चालवतो.

‘-के’ जपून वापर. तो नावातला तुकडा शोधतो आणि स्पेलिंग जुळलं की उचलतो. ‘ऑर्डर’ शोधायला जाशील तर ‘बॉर्डर’च्या टेस्टही येतील. फाइलच्या नावात तो तुकडा असेल तर त्या फाइलमधल्या झाडून सगळ्या येतील. म्हणून आधी ‘--कलेक्ट-ओन्ली’ लावून बघ. त्यात काही चालत नाही, निवडलेल्यांची यादी तेवढी दिसते.

खरी काळजी मला उलट बाजूची वाटते, म्हणजे जे निवडलंच गेलं नाही त्याची. समज, शेवटच्या ओळीत ‘3 पास्ड, 412 डिसिलेक्टेड’ असं आलं, त्यातलं ‘3 पास्ड’ हिरव्या रंगात. तो हिरवा रंग तीन टेस्टपुरताच आहे, उरलेल्या 412 बद्दल तुला काहीही कळलेलं नाही. मार्करचंही, म्हणजे टेस्टवर लावायच्या खुणेचंही, तसंच. एखाद्या टेस्टवर ‘स्मोक’ हा मार्कर लिहिताना कुणी स्पेलिंग चुकवलं, तर ‘-एम स्मोक’ दिल्यावर ती टेस्ट गुपचूप बाहेर राहते. एक वॉर्निंग येते, पण ती वाचतो कोण? सेटिंगमध्ये ‘--स्ट्रिक्ट-मार्कर्स’ घातलं की तिथेच एरर येतो. तुमच्याकडे नसेल तर सीनियरना सांगून घालून घे. नवीन आहेस म्हणून संकोच करू नकोस. आणि एकही टेस्ट निवडली गेली नाही तर पायटेस्ट एक्झिट कोड 5 देतो. स्क्रिप्टमध्ये तो कोड दाबून टाकला असेल, तर काहीच न तपासता ‘सगळं ठीक’ असा निरोप जातो.

कधी एखादी टेस्ट एकटी पास होईल आणि सगळ्यांबरोबर फेल. तेव्हा नशिबाच्या भरवशावर पुन्हा पुन्हा चालवू नकोस. बहुतेक वेळा आधीच्या कुठल्या तरी टेस्टने डेटाबेसमध्ये किंवा ग्लोबल व्हेरिएबलमध्ये काहीतरी मागे सोडलेलं असतं. ते शोधायला दिवस गेला तरी जाऊ दे.

दिवसभर हवं ते निवडून चालव. पुश करण्याआधी मात्र काहीही न निवडता एकदा सगळ्या टेस्ट चालव आणि शेवटची ओळ वाचूनच उठ.

तुझा मामा